साठ अंश तिरकं

ती तावातावाने विद्यापीठाच्या कार्यशाळेत शिरली आणि दारातच एका उंच माणसावर आदळली. त्याच्या घमेल्यातला भुसा तिच्या केसांवर सांडला.

"माझी पेटी कुणी केली?" तिनं केस झटकत विचारलं.

"मी. का... आवडली नाही?"

तो तिथला सुतार. सगळे त्याला गुण्या म्हणत. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं अवजार, आणि याच्या हातून आजवर काहीही वाकडं झालं नव्हतं. घोडं तिथेच पेंड खात होतं.

डोंगररांगा कशा घडतात, हे ती आपल्या संशोधनासाठी काचेच्या पेटीत वाळूचे रंगीत थर रचून पाहायची. जमिनीचे दोन अवाढव्य तुकडे एकमेकांवर चालून येतात, तशी एक फळी रुळांवरून मुंगीच्या पावलांनी येऊन थरांना रेटते. तिच्या फळीनं समोरून नव्हे, साठ अंश तिरकं यायचं होतं. शुक्रवारी मार्गदर्शक सरांना निकाल दाखवायचा, नाहीतर विषय दुसऱ्याकडे जाणार आणि तीन वर्षांची मेहनत पाण्यात. अन् आज सकाळभर मोटर चालवून वाळूत उठल्या काय, तर फळीला समांतर, शहाण्यासारख्या सरळ घड्या!

"ड्रॉइंगमध्ये रूळ तिरके होते," तो ओशाळला. "वाटलं, घाईत हात हलला असेल. म्हणून सरळ बसवले."

"साठ अंश? इतका हात हलतो कुणाचा?"

"तुमचा... आत्ता हलतोय."

तिनं रागानं थरथरणारी बोटं ओढणीत लपवली. हसू मात्र लपलं नाही.

"ताई म्हणतेच माझी," तो म्हणाला, "तुझ्या हाती दिलं तर तू इंद्रधनुष्यही सरळ करशील."

त्यानं तिच्या प्रयोगशाळेत येऊन रूळ लगेच बदलून दिले आणि मग गेलाच नाही. चाळण घेऊन वाळू पसरायला बसला... निळा थर, पांढरा, पुन्हा निळा. वाळू अशी एकसारखी पडत होती की ती आपलं काम सोडून बघत राहिली. इतके शांत हात तिनं पाहिलेच नव्हते. ते तिला आवडले, फार आवडले.

मोटर सुरू झाली. बऱ्याच वेळानं वाळू फुगली. थरावर थर चढला, घड्या उठल्या, पण या वेळी तिरप्या, एकीमागे एक सरकून. फळीजवळ लांब भेग पडली आणि वाळूवर आखलेली रेघ तिथं तुटून बाजूला गेली.

"म्हणजे... रेटा एक आणि कामं दोन?" काचेला नाक लावून तो म्हणाला.

ती चमकली. हे कळायला तिला वर्ष लागलं होतं. "हो! थोडा जोर डोंगर उचलण्यात जातो, थोडा त्याला बाजूला सरकवण्यात. खऱ्या डोंगरांत अशी भेग शेकडो मैल जाते."

"आणि मी हे सरळ करायला निघालो होतो," तो हळूच म्हणाला.

शुक्रवारी सरांनी चष्मा पुसत नेमकं विचारलं, "हे तिरकेपणामुळेच झालं, कशावरून?"

 तिनं फाइलमधून त्या फसलेल्या सकाळचे फोटो बाहेर काढले. तीच वाळू, तेवढेच थर, तीच मोटर. फक्त रेटा सरळ. गुण्याची चूक टेबलावर अंथरली होती.

"ही तुलना आधीच करून ठेवलीस?" सर खूश झाले. "शाबास. विषय तुझाच."

ती धावतच कार्यशाळेत गेली. तो नवी पेटी तासत होता, रूळ हव्या त्या कोनात फिरवता येतील अशी.

"पुन्हा चूक नको म्हणून," तो म्हणाला.

"किती वर्षं चालेल ही?"

"मी दुरुस्तीला आहे तोवर."

"आणि तुम्ही... किती वर्षं आहात?"

रंधा थांबला. त्याचे कान लाल झाले.

"मॅडम, मला आडून बोलता येत नाही. तुम्ही आवडता मला. तुम्ही म्हणालात, तर... जन्मभर आहे."

तिनं हात पुढे केला आणि त्याच्या केसांतला भुसा अलगद झटकला.

"हे तेवढं," ती म्हणाली, "सरळच राहू दे."