मागे कोण?

वल्लरी आमोदला पहिल्यांदा भेटली, तेव्हा ती करवंदीच्या जाळीमागे वाकून ओकत होती.

हो, प्रेमकथाच आहे ही! जरा दम धरा.

रविवारची सकाळ, सिंहगडाची आतकरवाडीची वाट. दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, त्याला नुकतेच तुरे फुटलेले. वाऱ्याची झुळूक आली की सगळा उतार सोनेरी होऊन हलायचा. बघत राहावं असं… पण वल्लरीच्या नाकाला ते कोण सांगणार? तिला एक शिंक आली की मागोमाग आणखी सहा यायच्याच. आणि पोटात तर घरातून निघाल्यापासून ढवळत होतं. गड चढणाऱ्या या ग्रुपबरोबर तिचा हा पहिलाच रविवार.

"झालं?" मागून आवाज आला. पाण्याची बाटली पुढे केलेली, आणि मान मात्र अगदी सभ्यपणे दुसरीकडे वळवलेली.

"तुम्ही जा ना पुढे," ती ओशाळून म्हणाली. "मी येते सावकाश."

"नाही जाता येणार. मी शेवटचा आहे."

"म्हणजे?"

"ग्रुपचा नियम आहे. सगळ्यांत पुढे नीरजाताई, सगळ्यांत मागे मी. शेवटच्याने कुणालाही ओलांडायचं नाही. तू इथे दिवाळीपर्यंत बसलीस, तर माझंही अभ्यंगस्नान इथेच."

वल्लरीला हसू आलं, आणि हसता हसता शिंक. एक… दोन… तीन…

"सात!" शेवटी तो म्हणाला. "थांबल्या वाटतं."

"मोजत होतास?"

"दुसरं काय करू? ओलांडता येत नाही ना."

तेवढ्यात वरून नीरजाताईंची हाक आली, "मागे कोऽऽण?"

"आमोऽऽद!" तो ओरडला. समोरच्या डोंगराने ते नाव परत पाठवलं. वल्लरीने ते दोनदा ऐकलं, आणि रात्री झोपताना… जाऊ दे, किती वेळा ते नाही सांगत!

मग दर रविवारी तेच. ती शिंकायची, बसायची, मागे पडायची. तो थांबायचा. खिशातून कागदात गुंडाळलेली आलेपाकाची वडी काढून द्यायचा. जिभेवर आधी गोड, मग तिखट, मग घशात ऊब. मळमळ हळूहळू खाली बसायची. तेवढ्या वेळात तो तिच्या मोज्यांत रुतलेल्या कुसळांकडे बघून म्हणायचा, "गडावरचं निम्मं गवत तू कसब्यात घरी नेऊन लावलंयस."

"आणि उरलेलं माझ्या नाकात आहे."

पण एकदा ती खरंच पांढरी पडली. आमोदचा चेहरा उतरला. "सकाळी उठून काय घेतेस तू?"

"शिंकांची गोळी. मग आई पेलाभर दूध देते. आमच्याकडे रिकाम्या पोटी कुणी उंबरा ओलांडत नाही. मग पहिली बस."

"हे डॉक्टरांना सांगितलंयस कधी?"

नव्हतं सांगितलं. सोमवारी सांगितलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "पहाटे उपाशीपोटी गोळी. तिच्यावर घाईघाईत दूध. त्यावर बसचे हिसके. आणि आता मळमळ का होते, हे मी सांगायचं? वा!" मग त्यांनी गोळी बदलून दिली आणि रात्री जेवल्यावर घ्यायला सांगितली. सकाळी दुधाऐवजी थोडी कोरडी पोळी. गवतातून जाताना नाकाला रुमाल.

पुढच्या रविवारी काय झालं? चमत्कार! फक्त दोन शिंका. पोट शांत. वल्लरीचे पाय असे सुटले, की अर्ध्या वाटेत ती नीरजाताईंच्या बरोबरीने चालत होती. आपल्यात एवढा दम आहे, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"मागे कोऽऽण?" नीरजाताईंनी हाक दिली.

"आमोऽऽद!" फार खालून… फार लांबून.

आणि तेव्हा वल्लरीच्या लक्षात आलं. ती बरी झाली होती. म्हणजे आता तिला मागे राहायला काही कारणच उरलं नव्हतं.

तीन रविवार ती पहिली वर पोचली. मडक्यातलं दही घेऊन वाटेकडे तोंड करून बसली. आमोद यायचा तो गुडघे धरून चढणाऱ्या, ग्रुपमधल्या माधवकाकांच्या मागून, आणि तो टेकेपर्यंत पुढच्यांची उतरायची वेळ झालेली असायची. नुसती नजरानजर. तो भुवया उंचावून विचारायचा, बरी? ती मान हलवायची, बरी. एवढंच. तिच्या खिशात आलेपाकाचा रिकामा कागद होता, अजून आल्याचा वास येणारा.

चौथ्या रविवारी तिने धीर केला. वळणावर रेंगाळली, आणि तो दिसताच जोरात शिंकली.

आमोद थांबला. वाट बघितली. "एकच?" तो म्हणाला. "तुझ्या सात असतात."

वल्लरी कानापर्यंत लाल झाली आणि जी पळत सुटली, ती थेट वर!

त्याच दिवशी बसमध्ये नीरजाताईंनी जाहीर केलं, "आमोदला हिंजवडीत नोकरी लागली. रविवारी ड्युटी. पुढच्या रविवारनंतर हा गायब."

"हिंजवडी?" माधवकाका म्हणाले. "मग त्या ट्रॅफिकमधून वर्षातून एकदा तरी पुण्याला येत जा रे बाबा."

सगळे हसले. वल्लरीला हसूच येईना.

शेवटचा रविवार. ती नेहमीसारखी पुढे निघाली. गवत आता वाळून भुरकं झालं होतं. अर्ध्या वाटेत हाक गेली, "मागे कोऽऽण?"

"आमोऽऽद!"

पुढच्या रविवारी या हाकेला दुसरं कुणीतरी ओ देणार… वल्लरी वाटेच्या कडेला झाली आणि उभी राहिली. एकेक जण पुढे जाऊ लागला.

"काय गं, मळमळतंय?" माधवकाकांनी विचारलं.

"नाही काका."

"शिंका?"

"नाही."

"मग?"

"मग तुम्ही चला ना पुढे!"

काकांनी तिच्याकडे बघितलं, खालून येणाऱ्या आमोदकडे बघितलं, आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचे गुडघे असे चालले, की बघता बघता ते वळणाआड!

आमोद धापा टाकत आला. "काय झालं? गोळी विसरलीस?"

"नाही. मी ठणठणीत आहे."

"मग थांबलीस का?"

"तुला कुणाला ओलांडता येत नाही ना," वल्लरी म्हणाली. "म्हणून मीच थांबले. मला आता मागे राहायची गरज नाहीये, आमोद. तरी मला मागेच चालायचंय. तुझ्याबरोबर."

खिशात हात घालून त्याने कागदाची पुडी काढली. एक नाही, पाच.

"दर रविवारी आणायचो," तो हळूच म्हणाला. "तू वर असायचीस."

"हाक मारायची ना मग!"

"काय म्हणून? जरा मळमळू दे, म्हणून?" तो हसला, आणि मग हसू विरलं. "तुला बरं केलं, त्या दिवसापासून मी एकटा चालतोय, वल्लरी."

वारा आला. गवत सळसळलं. तिने एक वडी तोंडात टाकली. आधी गोड, मग तिखट.

"मला सुट्टी मंगळवारी आहे," तो म्हणाला. "सकाळी सहाला तळजाईची टेकडी? पण तिथेही गवत आहे हं."

"मोजशील?"

"सातपर्यंत."

"मागे कोऽऽण?" वरून हाक आली.

आमोदने तोंड उघडलं, पण वल्लरी आधी ओरडली. पूर्ण दम लावून, डोंगराला दोनदा म्हणायला लागेल अशी—

"आम्हीऽऽ!"

वर एकच गलका, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माधवकाकांचा.

तेवढ्यात वल्लरीचं नाक हुळहुळलं. ही शिंक मात्र अगदी खरी होती.

"एक," आमोद म्हणाला.

आणि अजून सहा यायच्या होत्या, म्हणून दोघंही तिथेच थांबले.