न आलेली म्हणजे बरी

मंगळवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. गोदानगरच्या स्तनपरीक्षण केंद्रात संचालक डॉ. विश्राम कानविंदे यांच्या टेबलावर सहाशे तीन स्त्रियांची यादी आली. ‘पारखी’ या निदानयंत्राने या सगळ्यांना पूर्वी निर्दोष ठरवले होते. आता तेच यंत्र त्यांना परत बोलवा म्हणत होते.

कानविंदे यादी हातात घेऊन प्रतिमातज्ज्ञ डॉ. अनुपमा खैरमोडे यांच्या खोलीत शिरले.

“बाई, हे काय चालवलंय? नव्याण्णव टक्के अचूक यंत्र आहे ते!”

“नव्याण्णव कुठून आले, सर?”

“निर्दोष म्हटलेल्यांपैकी एक टक्काच पुढे रुग्ण म्हणून परत आल्या.”

“इथे परत आल्या. बाकीच्या?”

“नियम माहीत आहे तुम्हाला. दोन वर्षांत आली नाही, ती बरी.”

हा नियम कानविंदे यांनीच घातला होता. पारखी स्वतःच्या निकालांवरून शिकत असे. यंत्राच्या नजरेतून सुटलेली गाठ घेऊन एखादी स्त्री दुसऱ्या दवाखान्यात गेली किंवा मेली, की ती केंद्रात येत नसे आणि यंत्र स्वतःचे उत्तर बरोबर धरत असे. पुढच्या वेळी तसलीच सावली ते अधिक खात्रीने सोडून देई. चूक जितकी जीवघेणी, तितकी ती यंत्राला बरोबर वाटे.

अनुपमा यांनी चौदा महिने मृत्युनोंदी ताडून पाहिल्या. पारखीने निर्दोष ठरवलेल्यांपैकी दोनशे अकरा नावे कर्करोगाच्या मृत्यूंशी जुळली. त्या स्त्रियांच्या जुन्या प्रतिमा त्यांनी पारखीला पुन्हा दाखवल्या, या वेळी खऱ्या उत्तरांसह; त्यावरून शिकूनच यंत्राने ही नवी यादी काढली होती. दाखवलेल्यांतली सतरावी प्रतिमा रेवतीची होती, त्यांच्या धाकट्या बहिणीची.

“मेलेल्या बायकांकडून शिकवणी!” कानविंदे हसले. “सरळ सांगा ना, सूड आहे म्हणून.”

“आहेच. पण आकडे तपासून घ्या, त्यात सूड नाही. यादी धोक्याच्या क्रमाने आहे. पहिलं नाव वाचा, मोठ्याने.”

“वृंदा विश्राम...” ते थांबले.

“डावा स्तन, छातीच्या भिंतीलगत. अठरा महिन्यांपूर्वी नऊ मिलिमीटर,” अनुपमा म्हणाल्या. “सुईतपासणीत कर्करोग निघाला आणि गाठ अजून लहान असली, तर तेवढाच भाग काढून स्तन वाचवता येईल. मोठी झाली असेल तर बहुधा पूर्ण स्तन. आणि दूरवर पसरला असेल, तर शस्त्रक्रियेने तो बरा होत नाही. रेवतीच्या वेळी आपण त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात केली होती.”

“ही यादी कधीची?”

“शनिवारची.”

“तीन दिवस तुम्ही गप्प बसलात?”

“तुम्ही समोर बसून वाचावी म्हणून. रेवतीचे अठरा महिने गेले, सर. मी तुमचे तीन दिवस घेतले.”

“आणि या बाकीच्या सहाशे दोघींचे?”

अनुपमा यांनी टेबलावरचा फोन त्यांच्याकडे सरकवला.

कानविंदे यांनी तिथूनच घरी फोन लावला. आवाज खोलीभर ऐकू येत होता.

“वृंदा, ताबडतोब केंद्रावर ये. सुईतपासणी करायची आहे.”

“आज? अहो, आज मंडळाची तालीम आहे. आणि मला काय धाड भरलीय?”

“तुझ्या जुन्या प्रतिमेत काहीतरी दिसतंय.”

“तुमच्याच सहीचा कागद आहे माझ्याकडे. निर्दोष, ठसठशीत अक्षरात. बायकांना उगाच घाबरवायचं नाही, हे भाषण कुणाचं? ठेवा आता.”

फोन बंद झाला. पुन्हा लावला तेव्हा उचलला गेला नाही.

“रेवतीला गाठ हाताला लागली होती,” अनुपमा म्हणाल्या. “मी म्हटलं, दुसरीकडे दाखव. तर म्हणाली, ताई, कागदावर निर्दोष लिहिलंय ना?”

कानविंदे यांनी यादीवर सही केली. जुना नियम रद्द करण्याच्या आदेशावरही केली. हा आदेश वर्षभर त्यांच्याच खणात पडून होता. मग ते स्वतः गाडी घेऊन घरी निघाले.

वृंदा कानविंदे यांना साडेतीनची वेळ दिली होती. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी पारखीच्या पडद्यावर त्यांच्या नावापुढे एवढीच नोंद होती : आलेली नाही.