शिक्का नसलेली चिठ्ठी

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, तुमची मर्जी. पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही. मी त्या खोलीत होतो.

ऑगस्ट २००७. महिन्यातला दुसरा रविवार. मसाका शहराजवळच्या टेकडीवरचं आमचं छोटं रेडिओ केंद्र.

रविवारी गाणी नसायची, दिवसभर नुसतं बोलणं. सातला फादरांचं प्रवचन, नऊला डॉक्टर, अकराला शेती आणि एकला निधनवार्ता. सगळीकडे आवाज एकाचाच, वालुसिम्बीचा. मी काचेपलीकडे बसून बटणं सांभाळायचो.

वालुसिम्बी फोन करणाऱ्याची अशी बिनपाण्याने करायचा की अख्खा जिल्हा पोट धरून हसायचा. कुणाचीच गय नाही. जीव फक्त एका माणसात, आईत. एरेसी नामातोवू तिचं नाव. ती गावाकडे एकटी राहायची आणि रविवारभर रेडिओ कानाला लावून लेकाचं बोलणं ऐकायची. संध्याकाळी तो पाव आणि साखर घेऊन तिच्याकडे जायचा.

त्या दिवशी प्रवचन संपलं आणि पहिला फोन आला.

म्हातारीचा आवाज होता. फार लांबून आल्यासारखा...

"फादर, ज्याच्या मातीला कुणीच आलं नाही, त्याचं पुढे काय होतं?"

फादर काही बोलायच्या आत वालुसिम्बी म्हणाला, "आजी, एवढा खडूस होता तरी कोण?"

मी हसलो. फादरही हसले.

नऊला डॉक्टर आले. दुसराच फोन... तीच म्हातारी.

"पाय गार पडलेत, डॉक्टर. आठ दिवस झाले, ऊबच येत नाही."

"थोडं चालत जा, आजी."

"चालायला जागा नाही हो."

"मग म्हाताऱ्याला बाहेर काढा!" वालुसिम्बी ओरडला. डॉक्टरांचा चहा हसता हसता सांडला.

अकराला शेती खात्याचे साहेब बसले होते. पुन्हा तीच.

"साहेब, लाल माती किती खोल खणावी?"

"काय लावताय, आजी?"

"खणायला तिघंच होते. कंबरेएवढंच खणलं. डुकरं उकरतात..."

"आजी, केळ लावताय की हत्ती?" वालुसिम्बी म्हणाला.

या वेळी साहेब हसले नाहीत.

मी खाली पाहिलं. फोन लागला की समोर लाल दिवा पेटतो. आवाज येत होता.

दिवा मात्र बंद होता...

मी काचेवर टकटक केली. वालुसिम्बीने हातानेच 'गप बस' म्हटलं.

एकला पाच मिनिटं कमी होती. साहेब निघून गेले होते. स्टुडिओतला फोन वाजला आणि वालुसिम्बीने तो स्पीकरवर घेतला.

"गेल्या रविवारी माझी चिठ्ठी परत पाठवलीस, बाळा. मी तेओपिस्ता नान्तेझा."

त्याचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

मलाही आठवलं. गेल्या रविवारी एक लंगडा म्हातारा बायकोच्या मृत्यूची चिठ्ठी घेऊन टेकडी चढून आला होता. चिठ्ठीवर गावच्या अध्यक्षाचा शिक्का नव्हता. अध्यक्ष लग्नाला गेला होता. शिक्क्याशिवाय निधनवार्ता वाचायची नाही, असा आमचा नियम. कुणी जिवंत माणसाला मारू नये म्हणून.

म्हातारा पाया पडला. "पाचही पोरं सरोवरातल्या बेटांवर मासेमारीला आहेत, साहेब. तिथे फोन लागत नाही, फक्त रेडिओ लागतो. उद्या माती आहे."

वालुसिम्बी म्हणाला होता, "बाबा, ती खरंच गेली की झोपलीय? जा, शिक्का आण."

तेही माइक चालू ठेवून. लोकांनी ऐकावं म्हणून.

आता तो फोनवर एवढंच म्हणाला, "नियम आहे, आजी. शिक्का लागतो."

"आणलाय... तुझ्या ट्रेमध्ये बघ."

ट्रेमध्ये एकच चिठ्ठी होती. सकाळपासून चिठ्ठी घेऊन कुणी आलं नव्हतं. जांभळा शिक्का अजून ओला होता.

एक वाजला. मी माइक चालू केला. वालुसिम्बीने चिठ्ठी वाचली. आमच्याकडे निधनवार्ता तीनदा वाचतात. त्यानेही तीनदा वाचली. तेओपिस्ता नान्तेझा, माती उद्या दुपारी दोन वाजता.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तेओपिस्ताच.

माइक बंद होताच फोन खणखणू लागले. पहिला फोन फादरांचा.

"वालुसिम्बी, तुझ्या आईचं ऐकून फार वाईट वाटलं रे. पण स्वतःच्या तोंडाने वाचलंस... धीराचा आहेस."

दुसरा फोन डॉक्टरांचा. तेच. तिसरा, चौथा... तेच.

मी रेकॉर्डिंग लावलं. आवाज त्याचाच, स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. एरेसी नामातोवू. एरेसी नामातोवू. एरेसी नामातोवू.

हातातल्या चिठ्ठीवर अजून तेओपिस्ताचंच नाव होतं.

आईचा फोन कुणी उचलेना. मी मोटरसायकल काढली. वाटेत मागे बसलेला वालुसिम्बी एकच बोलत होता, "जिवंत असू दे. बाकी काही नको."

अंगणात ही गर्दी. चुलाण पेटलेलं, चटया पसरलेल्या, मटोक्याचे, म्हणजे शिजवायच्या हिरव्या केळ्यांचे, घड येऊन पडलेले. केळीच्या बागेत फावड्यांचा आवाज.

आणि एरेसीआजी आलेल्यांना चहा देत होती!

वालुसिम्बी तिच्या पायांवर कोसळला. "आई! चूक झाली गं! या लोकांना घालव!"

आजीने अंघोळ केलेली. अंगावर सणाचे कपडे. शेजारी झाडाच्या सालीचं कापड घडी करून ठेवलेलं. आमच्याकडे मेलेल्या माणसाला त्याच कापडात गुंडाळतात.

"तू तीनदा वाचलंस, बाळा. मी ऐकलं."

"मी दुसऱ्याच बाईचं वाचलं!"

"शिक्का पाहिलास ना?"

सगळं अंगण त्याच्याकडे पाहत होतं.

"पाहिलास की नाही?"

"पाहिला... पण आई..."

"मग झालं. माझा लेक रेडिओवर खोटं बोलत नाही."

तिने कप खाली ठेवला. चटईवर आडवी झाली. त्याने तिला उठवून बसवलं, हलवलं, हाका मारल्या, शिव्यासुद्धा दिल्या. ती त्याच्याकडे पाहत राहिली. दिवस मावळायच्या आत पाहायची थांबली.

सोमवारी दुपारी दोनला माती झाली. मातीला सगळा जिल्हा आला होता.

वालुसिम्बी पुन्हा कधी टेकडी चढला नाही. पुढच्या रविवारी तेओपिस्ताची निधनवार्ता मी वाचली, तीनदा. तेव्हापासून निधनवार्ता मीच वाचतो. शिक्का बघत नाही.

पण एक गोष्ट मी वालुसिम्बीलाही सांगितलेली नाही. त्या रविवारचं पूर्ण रेकॉर्डिंग मी नंतर ऐकलं. म्हातारीचा आवाज त्यात कुठेच नाही. डॉक्टर नुसत्या शांततेशी बोलतात. वालुसिम्बीचे टोमणेही शांततेलाच.

आणि प्रत्येक टोमण्यानंतर, काचेपलीकडून, एक हसणं स्पष्ट ऐकू येतं.

ते माझं आहे. आणि माझीही आई गावी रेडिओ ऐकते...