चौदा नंबरचं टेबल

"हे माझं टेबल आहे," ती हळू आवाजात म्हणाली.

"असेल," तो पुस्तकातून मान वर न काढता म्हणाला, "पण माझा मोबाइल म्हणतोय, माझं आहे."

वाचनालयात वाद घालायची सोय नसते, म्हणून दोघांनी आपापले मोबाइल शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर तेच... टेबल चौदा, खिडकीजवळ, दोन ते चार. तिचा चेहरा उतरला. जागा राखून ठेवायचं ते पान तिनेच बनवलं होतं आणि तक्रारी येतात म्हणून ती स्वतः बघायला आली होती.

"कुणी बनवलंय हे, देव जाणे," तो पुटपुटला.

"मी," ती म्हणाली. "आपलेच दात, आपलेच ओठ."

"दातांचं मला नका सांगू. मी दंतवैद्य आहे." तो हसला. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून आणलं, खुर्ची तिला दिली आणि स्वतः अवघडून बसला. दुपारी दवाखाना बंद असला की तो इथे रहस्यकथा वाचायला यायचा. खुनी कोण, ते आधी शेवटच्या पानावर बघून घ्यायचा.

"मग वाचण्यात मजा काय?" तिने विचारलं.

"पेशंटलाही मी आधीच सांगतो, दुखेल म्हणून. लपवाछपवी मला जमत नाही."

चूक तिला त्याच संध्याकाळी सापडली. पानावर वर वाचनालयाचा नकाशा होता, खाली टेबलांची यादी. कुठलं टेबल रिकामं आहे, हे दोन्हींनी आपापलं वेगळं टिपून ठेवलेलं. नकाशावर कुणी जागा घेतली तरी यादीला त्याचा पत्ताच नाही, ती आपली खुशाल 'रिकामं' म्हणत बसलेली. आणि जागा देण्याआधीची शेवटची खात्री करून घेणंही तिने नकाशा-यादीवरच सोपवलेलं. एकाच घरातल्या दोघांनी पाहुण्याला दोन वेगळ्या वेळा सांगाव्यात, तसली गत. माहिती एकाच जागी ठेवायची, नकाशाने आणि यादीने तिथूनच वाचायची, बस. अर्ध्या दिवसाचं काम.

तिने ते केलं नाही. मन मोठं लबाड असतं हो... दुसऱ्या दिवशी नकाशावर चौदा नंबर लाल दिसला, शेजारी त्याचं नाव. म्हणजे तो येणार. तिचं बोट अलगद खाली यादीकडे गेलं. तिथे अजून हिरवाच होता.

"परत?" त्याने भुवया उंचावल्या.

"परत. दुरुस्ती चालू आहे."

"सावकाश करा. आमची काही घाई नाही," तो म्हणाला आणि इतका वेळ बघत राहिला की तिने उगाचच पेन उघडलं, बंद केलं.

असे नऊ दिवस गेले. तिची आत्या, जिच्याकडे ती राहायची, एकदा म्हणालीच, "दुरुस्तीला कानातले लागतात होय गं?"

दहाव्या दिवशी वाचनालयाच्या जिन्यात एक नर्स दिसली. अंगावर ड्युटीचा गणवेश, मांडीवर जाड पुस्तक. तिला तीनदा दुसऱ्याने आधीच घेतलेलं टेबल मिळालं होतं, आणि शनिवारी तिची बढतीची परीक्षा. "भांडायला वेळ कुठाय? बसते इथेच," नर्स म्हणाली.

नर्सला तिथेच सोडून ती वर गेली, ती थेट त्याच्यासमोर उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे चूक पहिल्याच दिवशी कळली होती?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि रोज... मी आहे हे बघून?"

"हो."

"त्या बाई जिन्यात बसल्यात," तो म्हणाला. पुस्तक मिटलं आणि निघून गेला.

तिने त्याच दिवशी दुरुस्ती केली. ग्रंथपालबाईंना खरं सांगितलं, त्यांचं निमूट ऐकून घेतलं आणि परीक्षेपर्यंत चौदा नंबर नर्सच्या नावावर करून दिला. पुढचे दोन दिवस तिने पान उघडून पाहिलं. तो नकाशावर नव्हता, यादीतही नव्हता. आता दोन्ही खरं बोलत होती, म्हणून तर जास्त लागलं.

"ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवशील?" आत्या म्हणाली. "जा की सरळ."

गुरुवारी संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. शेवटचा पेशंट बाहेर पडला तेव्हा तो हात धूत होता.

"दात दुखतोय?" त्याने मागे न वळता विचारलं.

"नाही. तुम्ही मला आवडता. हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. मी टेबल अडवत बसले."

त्याने बराच वेळ हात पुसले. "मला राग आला होता. अजूनही आहे थोडा. एवढं एक विचारायला काय झालं होतं?"

"नाही म्हणाला असता तर?"

"तर एकदाच वाईट वाटलं असतं. त्या बाईंचे तीन दिवस तरी वाचले असते."

तिचे डोळे भरून आले, तरी ती तिथून हलली नाही.

"आता विचारा," तो म्हणाला.

"आता?"

"हो. मी समोर आहे."

"माझ्याबरोबर... फिरायला याल?"

"येईन," तो म्हणाला. "शनिवारी. त्यांचा पेपर सुटल्यावर."