एक पिशवी, दोन नावं

रविवारची दुपार होती, रुग्णालयाच्या तळघरातली खोली होती, आणि काम म्हणाल तर अगदी साधं. रक्तपेढीचं अॅप्लिकेशन जुन्या सर्व्हरवरून उचलायचं आणि नव्या आवृत्तीच्या सर्व्हरवर नेऊन बसवायचं. सकाळपासून दहा अॅप्लिकेशनं निमूट गेली होती. हे अकरावं. चार वाजता वर एका सहा वर्षांच्या मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, त्याच्या आत हे सुरू व्हायलाच हवं होतं.

काम करणारीला सगळे ठिणगी म्हणत. तिच्या जिभेला हाड नाही, असं सासूबाईंचं मत होतं, आणि तिला ते मान्यही होतं.

नियम एकच. आधी जुनं बंद, मगच नवं चालू. दोन्ही एकदम चालली तर रक्ताची एकच पिशवी दोघांच्या नावावर लागायची, आणि मग कुणाच्या तरी जिवाशी खेळ. तिने जुनं बंद केलं, नवं चालू केलं आणि हात झटकले. सुटलो एकदाचे!

पाठीमागे जुना सर्व्हर घरघरला. जुनं अॅप्लिकेशन आपलं आपण पुन्हा चालू झालं होतं. पडद्यावर 'कुणी चालू केलं' या रकान्यात एकच शब्द होता : मास्तर.

मास्तर म्हणजे तिच्या आधी ही खोली सांभाळणारे. एकोणीस वर्षं त्यांनी त्या सर्व्हरला कुणाला बोट लावू दिलं नाही. नव्या आवृत्तीचं नाव काढलं की म्हणायचे, "चालतंय ना? मग चालत्या गाड्याला खीळ कशाला घालता?" दोन महिन्यांपूर्वी ते इथेच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते.

"म्हाताऱ्याने काहीतरी लावून ठेवलं असणार," ती पुटपुटली. तिने मास्तरांचं खातंच काढून टाकलं आणि अॅप्लिकेशन पुन्हा बंद केलं. तीन मिनिटं शांततेत गेली. मग खोलीत बामाचा वास आला. मास्तर कपाळाला बाम चोपडून बसायचे, तोच वास. आणि पडद्यावर पुन्हा तेच नाव.

फोन वाजला. रक्तपेढीतल्या सिस्टर होत्या.

"बाई, त्या मुलीची पिशवी दोन नावांवर दिसतेय हो. त्या रक्तगटाची एवढी एकच आहे आपल्याकडे."

"दुसरं नाव कुणाचं?"

"तुमचं... आडनावासकट. मला वाटलं, चाचणीसाठी घातलंत."

"मी नाही घातलं."

"वेळ आजचीच आहे, बाई... चारची. आणि तुमचं नाव वर आहे. ते हटल्याशिवाय मुलीच्या नावाची चिठ्ठी निघत नाही, आणि चिठ्ठीशिवाय पिशवी हलवता येत नाही."

रक्तगट तिचाच होता, अगदी बरोबर. घड्याळात पावणेचार झाले होते. ती घाबरली, चांगलीच घाबरली, आणि घाबरली की तिला राग यायचा. तिने जुन्या सर्व्हरचा प्लग खसकन उपटला.

त्याचे दिवे विझले. आतला पंखा मात्र फिरतच राहिला. प्लग तिच्या हातात लोंबत होता आणि पंखा फिरत होता. मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीसमोरच्या कीबोर्डवर टक... टक... असा आवाज येत होता.

"हे बघा मास्तर," ती म्हणाली. आवाज कापत होता, तरी तिने तो चढवला. "तुम्ही गेलात तेव्हा सगळ्यांत जास्त मी रडले. पण त्या पोरीच्या जिवावर उठाल, तर गाठ माझ्याशी आहे. उठा तिथून!"

टक... टक...

"नाही ना उठत? बरं!"

तिने खुर्ची ओढली आणि त्यात ठाण मांडून बसली. बैठक गरम होती. तिच्या अंगावर सरसरून काटा आला, पण ती हलली नाही. नव्या अॅप्लिकेशनमध्ये तिने स्वतःचं नाव शोधलं आणि 'रद्द' दाबलं. कारण काय, असा रकाना उघडला. तिने लिहिलं : मी येणार नाही.

मागचा पंखा थांबला.

"निघाली हो चिठ्ठी!" सिस्टर चालूच राहिलेल्या फोनवरून ओरडल्याच. "पिशवी वर गेलीसुद्धा!" ठिणगीने फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून हुंदके दिले.

रात्री अकराला तळघरातला फोन पुन्हा वाजला. पोरगी शुद्धीवर आली होती, पाणी मागत होती.

"एक विचारू, बाई?" सिस्टर जरा अडखळल्या. "तुमच्या नावापुढे 'रद्द' नाही दिसत. 'पुढे ढकलले' दिसतंय. तारीख कोरी आहे..."

ठिणगीने ती नोंद स्वतः उघडली. मग सगळा कोड वरपासून खालपर्यंत चाळला. नोंदीपुढे लागू शकतील असे दोनच शब्द त्यात होते, 'दिली' आणि 'रद्द'. तिसरा कुणी कधी लिहिलाच नव्हता.

"ढकला, मास्तर," ती खुर्चीत मागे रेलून म्हणाली. "हवं तेवढं ढकला. दर वेळी रद्द करीन. बघू, कोण आधी थकतं ते!"

तारखेच्या कोऱ्या रकान्यात सावकाश पहिला आकडा उमटला.