गुलालातला बास

"माझ्या लेकीला खोटारडी म्हणले, ताई. भर मांडवात."

साखराबाईंनी चहाला हात लावला नव्हता. बीडमधल्या खताच्या दुकानावरची ही खोली म्हणजे वनमालाताईंचं खासगी तपासाचं ऑफिस. ताईंचा मावसभाऊ बंकट गाडी चालवायचा, ओळखी काढायचा आणि चुकीचे अंदाज बांधायचा. या शेवटच्या कामात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता.

साखराबाईंच्या शेजारी त्यांची मुलगी संस्कृती बसली होती. आईबाप दर हंगामाला ऊसतोडीला जात, तर ही पोरगी पुण्यात वसतिगृहात राहून डबल बास शिकली होती.

"व्हायोलिनचा थोरला भाऊ समजा," तिनं बंकटला सांगितलं. "माणसाहून उंच असतो. उभं राहून वाजवायचा."

पुण्याच्या एका वाद्यवृंदात बासवाल्याची एकच पगारी जागा होती. निवड रविवारी होती. माजलगावकडचे बडे बागायतदार आणि पुढारी शहादेवआबा यांनी आपल्या ट्रस्टकडून संस्कृतीला बास द्यायचं जाहीर केलं. कडा गावात सोमनाथ नावाचे कारागीर बास घडवतात. त्यांच्याकडचा एक कोरीव बास तिनं स्वतः निवडला. आबांनी मोठा सत्कार केला, गुलाल उधळला. बास एक रात्र आबांच्या बंगल्यात राहिला आणि सकाळी पप्पूच्या टेम्पोतून घरी आला.

"आणि त्याचा आवाज गेला होता," संस्कृती म्हणाली. "मी निवडला तेव्हा जाड तार छेडली की पोटात घुमायची. आता नुसतं खोकं वाजतंय. मांडव उभाच होता, तिथं जाऊन मी आबांना म्हणाले, हा माझा बास नाही. ते माइकवर सगळ्यांदेखत हसले. म्हणाले, धर्माची गाय अन् दात कावून न्हाई! शनिवारी बास परत नेणार आहेत. पुतण्याला, प्रविणला देणार."

"तो पण वाजवतो?"

"त्याच जागेसाठी येतोय."

बंकटनं टेबलावर मूठ आपटली. "बदलला! उघड हाय!"

"न्हाई बदलला," साखराबाई खाली बघत म्हणाल्या. "निवडला तवाच मी लुगड्याच्या काठाची पट्टी त्याच्या मानंला बांधली व्हती. मोळी बांधतो तशी, पीळ देऊन टोक आत खुपसलेलं. ती तशीच हाय. माझ्याच हातचा पीळ."

"हे तुम्ही आबांनाही सांगितलंत?"

"इचारलं त्यांनी. लेकीसाठी खोटं बोलाया पायजे व्हतं का?"

आईचा खरेपणाच लेकीच्या गळ्याला फास झाला होता, आणि आबांसारख्या माणसानं तो आनंदानं आवळला होता.

दुपारी ते साखराबाईंच्या घरी पोहोचले. पत्र्याच्या खोलीत बास भिंतीला टेकून उभा होता, गुलालानं माखलेला.

"पुसला नाहीस?" ताईंनी विचारलं.

"आबांचा हुकूम. यशाचा गुलाल पुसत नसतात, पेपरात फोटो यायचाय म्हणाले."

तारांना उचलून धरणारी लाकडी घोडी बासच्या पोटावर उभी होती. तिच्या दोन्ही पायांना लागून नखाएवढी जागा स्वच्छ होती. तिथं गुलालाचा कणही नव्हता, नुसतं झळझळीत लाकूड.

"हात लागून पुसलं असंल," बंकट म्हणाला.

"आला तेव्हा सूर उतरला होता का?" ताईंनी विचारलं.

"पार. मी फक्त खुंट्या पिळून सुरात आणला. बाकी कशाला हात लावला नाही. पोटाच्या भोकातून आतला लाकडी खांबही पाहिला, तो उभा आहे. गोरा, गोल. तेवढं मला कळतं."

तिथून कडा. सोमनाथांच्या शेडमध्ये लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास होता. अर्धवट कोरलेलं बासचं एक पोट टेबलावर उताणं पडलं होतं.

"तीन बास ठेवले व्हते," सोमनाथ म्हणाले. "एक प्लायवूडचा, दोन कोरीव. आबांना प्लायवूडचाच पसंत, कारण तोच लई चमकत व्हता. पर माझ्याकडं गिऱ्हाईक भिंतीकडं तोंड करून बसतं. वाजवणारा दुसराच. पोरीनं तिन्ही ऐकले अन् आम्ही अदलाबदल केली तरी एकाच बासवर तीनदा बोट ठेवलं."

"आतला खांब कशाचा?"

"जुन्या, वाळलेल्या स्प्रूसचा, म्हंजी देवदारासारख्या लाकडाचा. पोटाचा आवाज पाठीला तोच पोचवतो. सरस लावत न्हाई, नुसता दाबावर उभा असतो. घोडीबी तशीच. म्हणून मी समद्यांना बजावतो, तारा कायम चढत्या ठेवा. चारी एकदम सोडाल तर आतलं-बाहेरचं समदं ढासळंल."

"परत उभा करायचा तर?"

सोमनाथांनी भिंतीवरची वाकडी लोखंडी सळई दाखवली. "हिला टोचून, पोटाच्या भोकातनं आत घालायचा. माझ्याशिवाय इथं एकालाच जमतं. प्रविण हौसेनं शिकाया यायचा ना."

"पण तुम्ही बास बघायला का गेला नाहीत?" बंकट तडकला.

सोमनाथांची मान खाली गेली. "निरोप आलता. शेडची जागा आबांची हाय, नसत्या भानगडीत पडू नका म्हणून."

टेम्पोवाला पप्पू मांजरसुंब्याच्या ढाब्यावर सापडला. बंकटनं त्याची गचांडीच धरली. "बोल बे, कड्याहून नेताना इथं थांबलातास न्हवं?"

"जेवाया थांबलोतो! बास दोरानं बांधलेला, वरून गोधड्या. सत्काराला पोचला तवा त्या पोरीनं मांडवात वाजवला की! लोकांच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी बंगल्यातनं घेतला अन् थेट तिच्या दारात उतरवला. ती दारातच उभी व्हती."

"कॉलर सोड, बंकट," ताई म्हणाल्या.

शेवटी आबांचा बंगला. दारात शेवग्याचं झाड होतं. बंकटचा जीव शेंगांत अडकला. "एवढं झाड अन् नेमकी खालची फांदी तोडली," तो हळहळला. कापलेल्या जागी डिंक अजून ओला होता.

आबा अंगणातल्या झोपाळ्यावर बसून होते. "ऊसतोड्याच्या पोरीला काय कळतंय आवाजातलं? आमी दिलं, तिनं नाव ठेवलं. विषय संपला."

प्रविण मात्र गोड बोलला. "ताई, तिला एवढं सांगा, शनिवारपर्यंत तारा ढिल्या ठेव. जास्त ताणल्या तर बासचं पोट बसंल. नाजूक जिन्नस हाय."

"बघा, पोराला काळजी हाय," बंकट बाहेर आल्यावर म्हणाला.

"हो, फार काळजी आहे," ताई म्हणाल्या. "शनिवारी सोमनाथांना घेऊन ये. म्हणावं, त्यांचं काम त्यांच्याच नावानं बदनाम होतंय."

शनिवारी आबांच्या अंगणात पुन्हा मांडव घातला होता. माइक, खुर्च्या, फोटोवाला, सगळा थाट. पहिल्या खेपेला देण्याचा सोहळा, आता काढून घेण्याचा! बंकटच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बासजवळ संस्कृती आणि साखराबाई आरोपीसारख्या उभ्या होत्या.

वनमालाताईंनी सरळ माइक घेतला.

"आई म्हणाली बास तोच आहे. लेक म्हणाली हा माझा बास नाही. तुम्ही एकीचा खरेपणा घेऊन दुसरीला खोटं पाडलंत. दोघी खऱ्या बोलतायत, हे कोणाच्या मनातच आलं नाही. बास तोच आहे. आत काहीतरी बदललंय."

त्यांनी घोडीच्या पायाशी बोट ठेवलं. "ही स्वच्छ जागा बघा. गुलाल पडला तेव्हा घोडी इथं उभी होती, म्हणून खाली गुलाल गेला नाही. आता ती बाजूला आहे. म्हणजे गुलाल पडल्यावर कोणीतरी चारही तारा सोडल्या, घोडी पडली आणि ती पुन्हा उभी करताना किंचित सरकली. सत्काराआधीचा प्रवास त्यात येत नाही. मांडवात तर बास सगळ्यांनी ऐकला. सकाळी पप्पूनं तो थेट घरी पोचवला. उरली मधली रात्र, या बंगल्यातली. पुसलं असतं तर खूण गेली असती. पण आबांचाच हुकूम होता, यशाचा गुलाल पुसायचा नाही."

आबांचा झोपाळा थांबला.

"चारही तारा कशासाठी सोडतात? आतल्या खांबासाठी. तो बदलायची कला इथं दोघांना येते. त्या रात्री सोमनाथ कड्याला होते. दुसरा इथंच होता, आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं कबुली दिली. कारागीर सांगतो, तारा कायम चढत्या ठेवा. त्याचाच चेला सांगतो, ढिल्या ठेवा, नाहीतर पोट बसेल. चांगल्या खांबावर पोट कशाला बसेल? आतला खांब कुचकामी आहे हे ज्याला ठाऊक, त्यालाच ती भीती. आणि बास आपल्याच घरी येणार म्हणून ती काळजी!"

"खांब कुचकामी? कशाचा हाय मग?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"दारातलं झाड बघा."

सोमनाथांनी तारा उतरवल्या, सळई आत घातली आणि पांढरट दांडकं बाहेर काढलं. सुकून ते आखडलं होतं. एका टोकाला हिरवी साल राहून गेली होती. अंगठ्यानं दाबताच नख आत रुतलं. शेवगा! ज्याच्या फांदीवर पोरंसुद्धा चढत नाहीत, त्याच्यावर बासचा जीव तोलला होता.

"खरा खांब आण," ताई प्रविणला म्हणाल्या. "परत बसवायचा होता ना? मग टाकला नसशीलच."

प्रविणनं आबांकडं पाहिलं. आबांनी नजर फिरवली. मग तो आत गेला आणि कापडात गुंडाळलेला खांब घेऊन आला.

"पोरगंच हाय," आबा घसा खाकरत म्हणाले. "झालं गेलं गंगेला मिळालं."

"खोटारडी म्हणताना माइक होता, आबा," ताईंनी माइक पुढं केला. "आत्ताही आहे."

आबांनी माइक घेतला आणि दोनदा नुसता टकटकवला. बंकटला वाटलं, आता हा माणूस बोलला नाही तर आपणच बोलू, आणि ते मांडवाला सोसणार नाही. शेवटी आबा पुटपुटले, "पोरगी... खरं बोलली." तेवढं माइकनं सगळ्या गावाला ऐकवलं.

सोमनाथांनी खांब बसवला, घोडी जागेवर आणली, तारा चढवल्या. संस्कृती वाजवायला पुढं झाली, तोच साखराबाईंनी तिला थांबवलं. बासच्या मानेवरची पट्टी त्यांनी एका पिळात सोडली आणि त्याच पट्टीनं त्या बासवरचा गुलाल पुसायला लागल्या. पोट पुसलं, खांदे पुसले, घोडीच्या पायाजवळचा कणन् कण पुसला.

"आवो, यशाचा गुलाल पुसत नसतात!" आबांचा एक माणूस ओरडला.

"ह्यो तुमच्या यशाचा व्हता," साखराबाई म्हणाल्या. "तिचं उद्या हाय."

त्यांनी लाल झालेली पट्टी आबांच्या झोपाळ्यावर ठेवली. मग संस्कृतीनं जाड तार छेडली, आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्यासुद्धा थरथरल्या.