होम मैदानावरची घसरगाडी

"बाजूला व्हा! ओ तेलवाल्या बाई... बाजूला!"

चंद्रव्वा जागची हलली नाही. एक तर आपल्याला कुणी 'बाई' म्हटलेलं तिला खपत नसे. दुसरं म्हणजे हाक आली होती वरून, मग बाजूला व्हायचं ते कुठल्या? कडेवरचा तेलाचा डबा सावरत तिनं मान वर केली. होम मैदानावर उभ्या राहिलेल्या लाकडी डोंगरावरून, वाळूची पोती भरलेली एक गाडी धडधडत खाली येत होती. पुढं बैल नाहीत, इंजिन नाही, आत हाकणारा नाही. गाडी सुसाट उतरली, पुढच्या चढावर चढली, अगदी माथ्याशी पोचली आणि तिथं तिचा धीर सुटला. मागं आली, पुढं गेली, पुन्हा मागं आली आणि दोन चढांमधल्या खोलग्यात चंद्रव्वाच्या समोरच गप्प बसली.

वरून खांबांना धरत धरत एक तरुण खाली उतरला. केसांत लाकडाचा भुसा, कानावर पेन्सिलीचा तुकडा, आणि चेहरा असा पडलेला की घरचंच कुणी आजारी असावं.

"पुन्हा अडकली," तो गाडीकडे बघत म्हणाला.

"अडकली कुटं? दमली," चंद्रव्वा म्हणाली.

तेव्हा कुठं त्यानं तिच्याकडे पाहिलं. पाहिलं आणि पुढचं बोलायचं विसरला. चंद्रव्वानं ते ओळखलं, पण ओळखलं असं दाखवायची तिला काय गरज होती!

"हिला म्हणायचं तरी काय? रेल्वे म्हणावं तर इंजिन न्हाय. पाळणा म्हणावं तर कड्या न्हाईत."

"घसरगाडी," तो म्हणाला. "पहिल्या चढावर बैलं रहाटानं वढून नेतात. तितनं आकडा सोडला की पुढं कुणी ढकलायचं न्हाय. तिचं तीच पळती. पहिला चढ सगळ्यांत उंच, पुढचे एकापरीस एक बुटके. हिशेब बराबर हाय वो... पण सकाळच्याला दुसरा चढ काय चढंना."

चंद्रव्वानं वाकून चाकाजवळ बोट लावलं, नाकाशी नेलं आणि हसू दाबलं.

"एरंडेल! ह्या थंडीत? गुळासारखं घट्ट झालंय की. चाकं फिरतील कशी? करडईचं मिसळा त्यात." तिनं डबा खाली ठेवला. "आनि बाई म्हणू नका. बाळीवेशीतल्या वीरभद्रप्पांच्या घाण्यावरची चंद्रव्वा म्हणत्यात मला."

"मी रेवणसिद्ध," तो म्हणाला. मग जरा थांबून, "रेवण म्हटलं तरी चालंल."

त्या दिवशी दुपार व्हायच्या आत गाडी दुसरा चढ चढून पलीकडे उतरली. रेवणनं मैदानात एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. चंद्रव्वा घरी उशिरा पोचली आणि अव्वाच्या, म्हणजे आईच्या, शिव्या तिनं इतक्या गोड चेहऱ्यानं ऐकल्या की अव्वालाच काळजी वाटली.

ही गोष्ट एकोणीसशे तेहतीस-चौतीसच्या हिवाळ्यातली. सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे आमच्या गड्ड्याला, दरसाल लाकडी रहाटपाळणे यायचे, पण असलं काही सोलापूरनं पाहिलं नव्हतं. रेवण गिरणीच्या सुतारखात्यात शिकलेला. पुढं एका फिरत्या खेळाच्या कंपनीबरोबर मुंबईपर्यंत गेला, तिथं असल्या गाडीचं एक चित्र त्याच्या हाती पडलं, आणि त्या चित्रानं त्याची झोप उडवली. लहानपणापासून त्याला सांभाळणाऱ्या आत्यानं, अंबुबाईनं, आपल्या हातच्या पाटल्या गहाण ठेवून लाकूड घेऊन दिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घसरगाडीला रोज तेल लागू लागलं. खरं तर इतकं लागत नव्हतं. पण रेवण मागायचा आणि चंद्रव्वा न्यायची.

सकाळी ती पोचायची तेव्हा तो रुळावरून चालत असायचा. हातात लाकडी हातोडी. प्रत्येक पाचरीवर एक ठोका. घट्ट पाचर टणकन वाजते, सैल झालेली थप्प करते. सोलापूरच्या कोरड्या हवेत लाकूड सुकतं, आकसतं, काल घट्ट असलेली पाचर आज सैल होते. म्हणून हे रोजचं. चंद्रव्वा खालून चालायची, कान वर लावून. घाण्याच्या लाकडाचं कुरकुरणं ऐकत वाढलेली पोर ती. कुठं थप्प झालं की रेवणच्या आधी तिचा आवाज यायचा, "ती ठोका!" आणि तो वरूनच मान डोलवायचा. त्याचं ते निमूट मान डोलावणं तिला इतकं आवडायचं की एखादी घट्ट पाचरसुद्धा तिनं उगीच ठोकायला लावली. त्यानंही ती उगीच ठोकली.

"हे खालचं चाक कशाला?" एकदा तिनं विचारलं. गाडीला रुळावर चालणारी चाकं होती, बाजूनं घासणारी होती, आणि रुळाच्या खालूनही एकेक चाक चिकटलेलं होतं. "ह्याच्यावर तर काईच भार न्हाय."

"चढाच्या माथ्यावरनं गाडी सुटती ना, तवा तिला उडावं वाटतं. खालचं चाक तिला धरून ठिवतं. उडू दे म्हणतं, पण सोडून जाऊ देत न्हाय."

"असं व्हय..." ती म्हणाली, आणि उगीचच डब्याचं झाकण घट्ट करत बसली. करकचून लावलेलं झाकण पुन्हा सोडवायला तिला चांगलीच खटपट पडली, आणि तोवर तो तिच्याकडेच बघत होता.

मग एके सकाळी तो गंभीर होऊन म्हणाला, "भोगीला वेणीमाधवपंत येणार. म्युनिसिपालटीचे ओव्हरसियर. त्यांनी व्हय म्हटलं तर लोक बसवायची परवानगी. मग मी हितंच ऱ्हातो. दरसाल गड्डा, मधल्या दिसांत बार्शी, मोहोळच्या जत्रा... न्हाय म्हटलं तर लाकूड इकायचं, आत्याच्या पाटल्या सोडवायच्या आनि पुन्हा कंपनीबरोबर. कुटं, ते कंपनीलाबी ठावं नसतं."

चंद्रव्वानं रिकामा डबा उचलला. तिच्या घरी बार्शीचं स्थळ आलं होतं. तेलाचे मोठे व्यापारी. संक्रांत झाली की होकार कळवायचा, असं अप्पांनी ठरवून टाकलं होतं. घसरगाडीवाल्याचं नाव तिनं एकदाच घरात काढून पाहिलं. "माणसांना टेकाडावरनं ढकलून द्यायचा धंदा!" असं म्हणून अप्पा ताटावरून उठून गेले होते. नको ते बोलणं निघालं की उठून जायचं, ही वीरभद्रप्पांची जुनी खोड.

भोगीची सकाळ उजाडली. आदल्या दिवशी तैलाभिषेक झालेला, शहरभरच्या लिंगांना तेल लागलेलं. नंदीध्वजांची मिरवणूक निघायची तयारी चाललेली, हलग्या नि संबळ आतापासूनच घुमत होती. मैदानात ही गर्दी! वेणीमाधवपंत छत्री टेकून उभे होते. वीरभद्रप्पाही आले होते, गाडी पडताना बघायला आलोय असं उघड सांगत.

रेवणचा नेम असा, की माणसांना बसवायच्या आधी आपण बसायचं. बैलांनी गाडी वर ओढायला सुरुवात केली. चंद्रव्वा शेवटच्या उतारापाशी उभी होती. तिथं दोन रुळांच्या मधोमध एक लांब फळी होती. गाडी येताना रेवण पायानं दांडा दाबायचा, गाडीखालचा चामडं लावलेला ठोकळा त्या फळीला घासायचा आणि गाडी थांबायची. हाच तिचा ब्रेक.

चंद्रव्वाच्या नाकाला करडईचा वास आला.

इथं? इथं कसा? तिनं वाकून पाहिलं. फळी चकाकत होती. अख्ख्या फळीवर तेलाचा हात फिरलेला, मध्येमध्ये हळदीची बोटं. बाजूला अंबुबाई हात जोडून उभ्या होत्या.

"आत्या, हे...?"

"रातच्याला लावलं गं," त्या कौतुकानं म्हणाल्या. "काल सगळ्या देवास्नी तेल लागलं. माझ्या रेवणचा देव कोरडा कसा ठिवू? खांबांना लावलं, चाकांना लावलं, ह्या फळीला तर दोनदा."

चंद्रव्वानं वर पाहून हाका मारल्या... पण हलग्यांत तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. गाडी माथ्यावर पोचली होती. रेवणनं तिला हात केला. त्याला वाटलं, ती आनंदानं ओरडतेय! आणि त्यानं आकडा सोडला.

चाचणीची वाळूची पोती तिथंच पडली होती. चंद्रव्वानं एकाचं तोंड ओढून फाडलं आणि पसा पसा वाळू फळीवर टाकत सुटली. वर पहिला उतार कोसळल्याचा आवाज झाला. तिनं दुसरं पोतं ओढलं. दुसरा चढ... तिसरा... कुणीतरी "पोरी, सर!" म्हणून किंचाळलं. ते अप्पा होते. पण फळीचं टोक अजून उघडं होतं, आणि ते तसंच सोडून तिला सरता येईना.

ठोकळा वाळूत घुसला. असा कर्कश आवाज उठला की मैदान गप्प झालं. गाडी घासत, धुरळा उडवत आली आणि चंद्रव्वाच्या हाताच्या अंतरावर थांबली.

रेवण उडी मारून उतरला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"बाजूला का झाली न्हाईस?" तो ओरडला. "का झाली न्हाईस तू?"

"तू येत हुतास की," ती म्हणाली.

एवढंच. पण दोघांनाही एकदम कळलं की 'तुमी' कुठंतरी मागंच राहिलं, आणि आता ते काही परत यायचं नाही. रेवणच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तो वळला तर समोर वेणीमाधवपंत.

"हा आवाज कसला होता, रेवणसिद्ध? गाडीचा नेहमीचाच का?"

व्हय म्हटलं असतं तर कदाचित खपलंही असतं.

"न्हाय, साहेब," रेवण म्हणाला. "ब्रेकच्या फळीला तेल हुतं. समद्या पाचरी मी आज बघितल्या, फळी बघितली न्हाय. चूक माझी. आज परवानगी देऊ नका. फळी रंधून काढतो, मग पुन्हा बघा."

अंबुबाई पदर तोंडाला लावून रडू लागल्या. रेवणनं त्यांना जवळ घेतलं. "आत्या, खांबांना लाव, चाकांना लाव, मला डोक्याला लाव. फकस्त ह्या फळीला नको."

पंतांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "देवाच्या लग्नाच्या अक्षता झाल्यावर मी पुन्हा येतो. पण या वेळी रिकामी गाडी चालणार नाही. तुझ्याखेरीज माणसं बसलेली पाहिजेत. बसतील का कोणी?"

दुपारभर रेवणनं रंधा मारला आणि चंद्रव्वानं राखेनं फळी घासली. नाक टेकवून टेकवून वास घेतला. अक्षता टाकून माणसं परतली, मैदान पुन्हा भरलं, पंत येऊन उभे राहिले. गाडीत बसायला मात्र कुणी पुढं येईना. सकाळचा तो आवाज सगळ्यांच्या कानांत होता.

चंद्रव्वानं पदर खोचला आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली, रेवणच्या शेजारी. गर्दीत कुजबुज पसरली. लग्नाची पोर, परक्या पुरुषाशेजारी, भर यात्रेत! वीरभद्रप्पा लाल होऊन धावत आले. "उतर खाली!" ती उतरली नाही. चारचौघांत ओढून तर काढता येईना, आणि एकटी जाऊ देता येईना. शेवटी चरफडत तेच मागच्या बाकावर बसले.

बैल चालू लागले. गाडी चढू लागली. खालची माणसं लहान होत गेली. तळ्याचं पाणी दिसलं, देवळाचा कळस, किल्ल्याचे बुरूज, गिरण्यांची धुराडी. माथ्यावर गाडी क्षणभर थांबली.

"अप्पा," चंद्रव्वा मागं न बघता म्हणाली, "मी बार्शीला जाणार न्हाय. मला हा पायजे."

"हे सांगायची ही जागा हाय व्हय?" डोळे घट्ट मिटलेले वीरभद्रप्पा ओरडले.

"खाली सांगितलं की तुमी उठून जाता. हितनं उठता येत न्हाय."

रेवणचा हात आकड्यावर थिजला. तो मागं वळला. "मामा..." म्हणाला. सकाळपर्यंत तो त्यांना काका म्हणायचा; मामा म्हणायचं ते सासऱ्याला. "तुमी न्हाय म्हटलात तरी गाडी नीटच खाली नेईन. तेवढ्यासाठी व्हय म्हणू नका."

वीरभद्रप्पांनी एक डोळा उघडला. पोरीकडे पाहिलं. सकाळी हीच पोर वाळू टाकत उभी होती, तेव्हा ती गेलीच असं त्यांना वाटलं होतं. मग तिच्या शेजारच्या, परवानगी हातची घालवून खरं बोललेल्या पोराकडे पाहिलं.

"ती फळी..." ते पुटपुटले. "फळी बघितलीस न्हवं?"

"मी बघितली. हिनं बघितली. मी पुन्हा बघितली."

"मग सोड. पण सावकाश."

"मामा, हिला सावकाश येत न्हाय," रेवण म्हणाला आणि आकडा सोडला.

पुढं काय झालं ते चंद्रव्वाला नीट सांगता यायचं नाही. पोट वर राहिलं, आपण खाली गेलो, वारा तोंडात शिरला, आणि त्या सगळ्यात रेवणचा हात तिच्या हातात होता. कुणी कुणाचा धरला, यावर ते दोघं पुढं जन्मभर भांडले. मागून अप्पा सगळ्या देवांची नावं घेत होते. आणि चंद्रव्वा हसत होती, ओरडत होती, रडतही असावी थोडी.

गाडी हळूच, आवाज न करता थांबली. वीरभद्रप्पा बाकाला दोन्ही हातांनी धरून तसेच बसलेले. डोक्यावरचा रुमाल कुठंतरी उडून गेलेला. सगळं मैदान त्यांच्याकडे बघत होतं. वेणीमाधवपंत जवळ आले आणि त्यांनी विचारलं,

"काय वीरभद्रप्पा? कशी आहे गाडी?"

वीरभद्रप्पांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"जावई चांगला हाय!"